ऑनलाइन कोड्यात आपण नेमके कुठे अडकतो

पडद्यावर एक चित्र आहे, त्याच्याखाली चार शब्दांची एक ओळ आहे आणि उत्तर लिहिण्यासाठी एक रिकामा चौकोन आहे. नियम कुठेही दिलेले नाहीत, वेळेचे बंधन नाही, आणि उत्तर चुकले तर तोच चौकोन पुन्हा रिकामा होऊन समोर येतो. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर माणसे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतात, चिडून ते पान बंद करतात आणि दहा मिनिटांनी पुन्हा उघडतात. मी अनेक वर्षे अशी कोडी सोडवत आलो आहे, आणि त्यातली मजा व त्यातला वैताग या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, असे माझे मत हळूहळू पक्के होत गेले आहे. दोन्हींचा उगम एकच आहे, आणि तो नीट समजून घेतला तर कोणत्या कोड्यावर डोके झिजवावे व कोणते खुशाल सोडून द्यावे, हेही बऱ्याच अंशी ठरवता येते.

कोड्याचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण असे की त्याचे उत्तर शोधणे अवघड असते, पण हाती आलेले उत्तर तपासणे सोपे असते. सुडोकूचे उदाहरण घ्या. रिकाम्या घरांत अंक भरताना तासभर जाऊ शकतो, पण भरलेला सुडोकू बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी 9 ओळी, 9 रकाने आणि 9 पेट्या यांवरून एकदा नजर फिरवली की झाले. संगणकशास्त्रात या विषमतेचा फार गंभीरपणे अभ्यास होतो. तपासायला सोप्या असलेल्या प्रश्नांच्या वर्गाला तिथे एनपी असे म्हणतात, आणि सुडोकूची चौकट 9 बाय 9 वर न थांबवता हवी तितकी मोठी करत नेली, तर तो या वर्गातल्या सर्वांत कठीण प्रश्नांपैकी एक ठरतो. सुरुंग शोधण्याचा माइनस्वीपर हा खेळही त्याच जातीचा असल्याचे रिचर्ड केय यांनी 2000 साली दाखवून दिले. ज्याचे उत्तर झटपट तपासता येते ते झटपट शोधताही येते का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. क्ले गणित संस्थेने 2000 साली त्यासाठी 10 लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले आणि ते अद्याप कोणाला मिळालेले नाही. नेहमीचा 9 बाय 9 सुडोकू संगणक क्षणार्धात सोडवतो, त्यामुळे आपल्या रोजच्या कोड्याला हा सिद्धान्त थेट लागू होतो असे म्हणता येणार नाही, पण शोधणे आणि तपासणे यांतली दरी आपल्या अनुभवालाही तशीच येते.

मजा आणि वैताग दोन्ही याच दरीत राहतात. उत्तर सापडले की ते बरोबर असल्याचे सांगायला दुसऱ्या कोणाची गरज लागत नाही, आणि स्वतःच स्वतःला दिलेली ही पावती फार समाधान देते. मात्र त्याच क्षणी असेही दिसते की सगळ्या खुणा पहिल्यापासून डोळ्यांसमोर होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत झालेली असते, आणि इतका वेळ हे दिसले कसे नाही या विचाराने आनंदाला थोडी खंत चिकटते.

सगळी कोडी मात्र एकाच तऱ्हेने अडवत नाहीत. काही कोड्यांत वाट माहीत असते, फक्त ती लांब आणि वळणावळणाची असते. दुसऱ्या प्रकारात वाटच दिसत नाही, आणि दिसली की दोन पावलांत संपते. हा फरक जेनेट मेटकाफ आणि डेव्हिड विबे या मानसशास्त्रज्ञांनी 1987 साली एका सुंदर प्रयोगातून दाखवला. काही लोकांना बीजगणिताची उदाहरणे आणि काही कूटप्रश्न सोडवायला देऊन, उत्तराच्या आपण किती जवळ आलो आहोत असे वाटते, हे त्यांना दर 15 सेकंदांनी नोंदवायला सांगितले. बीजगणितात जवळ आल्याची ही जाणीव पायरी पायरीने वाढत गेली, पण कूटप्रश्नांत ती जवळजवळ सपाट राहिली आणि उत्तर सापडताना एकदम उसळली. याचा अर्थ असा की कूटप्रश्नात अडकलेल्या माणसाला आपण उत्तरापासून दोन मिनिटांवर आहोत की दोन आठवड्यांवर, हे आतून कळतच नाही. वैतागाचे खरे कारण कष्टांपेक्षा या आंधळेपणात आहे, असे मला वाटते. चढण कितीही उभी असली तरी माथा दिसत असेल तर माणूस कुरकुर न करता चढतो.

पहिल्या प्रकारातला आजचा सर्वपरिचित खेळ म्हणजे वर्डल. जोश वॉर्डल यांनी तो ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वांसाठी खुला केला आणि जानेवारी 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो आणि प्रत्येक प्रयत्नानंतर प्रत्येक अक्षराला हिरवा, पिवळा किंवा राखाडी रंग मिळतो. पाच जागा आणि तीन रंग यांचे 243 नमुने होतात. त्यांतले 5 अशक्य असतात, कारण चार अक्षरे आपापल्या जागी बसली असतील तर पाचवे अक्षर केवळ जागा चुकलेले असूच शकत नाही. उरलेल्या 238 नमुन्यांपैकी कोणता नमुना मिळाला यावरून, सुरुवातीला यादीत असलेल्या सुमारे 2,300 संभाव्य उत्तरांतील बहुतेक एका फटक्यात बाद होतात. म्हणून चांगला पहिला शब्द म्हणजे बरोबर असण्याची शक्यता जास्त असलेला शब्द नव्हे. उरलेल्या शब्दांची जास्तीत जास्त लहान गटांत विभागणी करणारा शब्द तो चांगला. राखाडी रंग पाहून खट्टू होणारे खेळाडू हे विसरतात की पाच राखाडी अक्षरांनीही फार मोठी माहिती दिलेली असते.

या खेळातला सर्वांत बोचरा प्रसंग मात्र जास्त माहिती मिळाल्यावर येतो. शेवटची चार अक्षरे हिरवी झालेली आहेत, आणि केवळ पहिले अक्षर बदलून सात-आठ वेगवेगळे शब्द तयार होतात. अशा वेळी एकेक शब्द लिहून पाहणारा माणूस विजयाच्या उंबरठ्यावर हरतो. शहाणपण यात असते की बरोबर असण्याची मुळीच शक्यता नसलेला, पण त्या सात-आठ पहिल्या अक्षरांपैकी चार-पाच एकाच वेळी तपासणारा शब्द मुद्दाम लिहावा. एक प्रयत्न जाणूनबुजून खर्च करण्याचा हा निर्णय मनाला जड जातो, पण नेमका तोच खेळ वाचवतो.

दुसऱ्या प्रकारच्या कोड्यांत अडथळा माहितीचा नसतो, तो आपल्याच गृहीतकांचा असतो. क्नोब्लिख, ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली काडेपेटीतल्या काड्यांनी मांडलेल्या रोमन अंकांच्या समीकरणांवर प्रयोग केले. त्यांतले एक समीकरण असे होते: तीन बरोबर तीन अधिक तीन. रोमन लिपीत तीन म्हणजे तीन उभ्या काड्या. हे समीकरण उघडच चूक आहे आणि फक्त एक काडी हलवून ते बरोबर करायचे आहे. बहुतेक लोक अंकांतल्या काड्या हलवत राहतात आणि हतबल होतात. उत्तर असे की अधिकच्या चिन्हातली उभी काडी उचलून आडवी ठेवायची, म्हणजे त्याचे बरोबरचे चिन्ह होते आणि ओळ वाचली जाते: तीन बरोबर तीन बरोबर तीन. चिन्हांना हात लावू नये असे कोणीही सांगितलेले नव्हते. गणितात अंक बदलतात आणि चिन्हे जागच्या जागी राहतात, या शाळेपासूनच्या सवयीने आपण तो नियम गुपचूप लिहून ठेवला, आणि स्वतःच लिहिलेला असल्यामुळे तो आपल्याला दिसला नाही.

याहून मार्मिक प्रयोग अब्राहम लुचिन्स यांनी 1942 साली प्रसिद्ध केला, आणि पातळ्यांमागून पातळ्या पार करणाऱ्या प्रत्येक खेळाडूने तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. 21, 127 आणि 3 मापांची तीन भांडी वापरून 100 माप पाणी मोजायचे आहे. मोठे भांडे भरून त्यातून एकदा 21 आणि दोनदा 3 माप काढले की काम होते. अशीच कृती लागणारी काही उदाहरणे ओळीने सोडवल्यावर भांडी दिली जातात 23, 49 आणि 3 मापांची, आणि पाणी हवे असते 20 माप. जुनी कृती इथेही चालते: 49 मधून एकदा 23 आणि दोनदा 3 काढायचे. परंतु 23 मधून एकदाच 3 काढले तरी 20 उरतात, हे आधीची उदाहरणे केलेल्या बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, आणि आधीची उदाहरणे न केलेल्यांना मात्र ते सहज दिसते. कालच्या पातळीवर ज्या युक्तीने यश दिले, तीच आज डोळ्यांवर पट्टी बांधते. कोडी रचणारे लोक हे पक्के जाणून असतात, आणि लागोपाठ तीन पातळ्यांवर सांकेतिक लिपी वापरून चौथ्या पातळीवर अगदी साधा प्रश्न सरळ शब्दांत विचारतात.

मग पट्टी सुटते तेव्हा काय होते? मार्क युंग-बीमन, जॉन कूनियस आणि सहकाऱ्यांनी 2004 साली शब्दकोडी सोडवणाऱ्या लोकांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींची नोंद केली. कोडे अशा धाटणीचे होते की तीन शब्द द्यायचे आणि तिघांशीही जोडला जाणारा चौथा शब्द शोधायचा. मराठीत असे कोडे करायचे तर दाणा, खत आणि औषध हे तीन शब्द देता येतील. वाचकाने क्षणभर थांबून चौथा शोधावा. उत्तर अचानक सुचल्याचे ज्यांनी सांगितले, त्यांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला, कानाच्या थोडे वर, सुचण्याच्या साधारण 0.3 सेकंद आधी वेगवान लहरींचा एक झोत दिसला. त्याच्याही आधी, डोळ्यांकडून येणारी माहिती ज्या भागात पोहोचते त्या भागात संथ लहरी वाढल्या होत्या, जणू मेंदूने बाहेरचे दृश्य क्षणभर मंद केले होते. अवघड आठवताना आपण छताकडे पाहतो किंवा डोळे मिटतो, त्या सवयीशी हे चांगले जुळते. (चौथा शब्द पाणी: दाणापाणी, खतपाणी, औषधपाणी.)

कोड्यापासून दूर गेल्यावर उत्तर सुचते, हा अनुभवही यातूनच समजतो. ग्रॅहम वॉलस यांनी 1926 साली सर्जक विचाराचे चार टप्पे सांगितले होते: तयारी, मुरणे, उजळणे आणि पडताळणे. मधल्या मुरण्याच्या टप्प्यात नेमके काय घडते यावर मतभेद आहेत, परंतु त्याचे एक साधे स्पष्टीकरण मला सर्वांत पटते: दूर गेल्यावर चुकीची वाट विस्मरणात जाते, आणि परत आल्यावर तिचा ओढा कमी झालेला असतो. मात्र तयारीशिवाय मुरणे नाही. ज्याने कोड्याशी तासभर खरोखर झुंज दिली आहे, त्यालाच फिरायला गेल्यावर उत्तर भेटते. पाच मिनिटांत कंटाळून उठणाऱ्याला फक्त फिरणे घडते.

वेबसाठीच रचलेल्या कोड्यांनी या जुन्या खेळात एक नवी गोष्ट आणली. कागदावरच्या कोड्याची हद्द कागदाची कड असते. वेबवरच्या कोड्याची हद्द कुठे आहे हेच ठाऊक नसते, आणि ती शोधणे हाच खेळाचा अर्धा भाग होतो. पानाचा पत्ता बदलून पाहावा लागतो, पानामागचा कोड वाचावा लागतो, चित्राच्या फाइलचे नाव तपासावे लागते, आवाज उलटा वाजवून ऐकावा लागतो. जर्मनीतील डेव्हिड म्यूनिख यांनी 2004 साली सुरू केलेला नॉटप्रॉन हा अशा खेळांपैकी सर्वांत प्रसिद्ध. त्यात 140 पातळ्या आहेत आणि त्या सर्व पार करणारे फार थोडे. अशा खेळांमुळे संगणकाविषयी काहीच माहिती नसलेल्या कित्येकांनी फाइल म्हणजे काय, पत्ता कसा वाचायचा, चित्र आतून कसे असते, हे कोणी न शिकवता शिकून घेतले.

चित्रात मजकूर लपवण्याची युक्ती समजावून सांगण्यासारखी आहे. संगणकावरचे चित्र म्हणजे रंगाच्या ठिपक्यांची जाळी, आणि प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या व निळ्या छटेसाठी 0 ते 255 मधला एकेक आकडा. 200 ऐवजी 201 लिहिले तर डोळ्याला काहीच फरक कळत नाही. पण सम आकडा म्हणजे 0 आणि विषम आकडा म्हणजे 1 असे ठरवले, तर अशा आठ आकड्यांत एक रोमन अक्षर मावते. हजार बाय हजार ठिपक्यांच्या चित्रात 30 लाख आकडे असतात, म्हणजे त्यात पावणेचार लाख अक्षरे लपवता येतात, आणि पाहणाऱ्याला केवळ एक साधे चित्र दिसते.

जानेवारी 2012 मध्ये सिकाडा 3301 या नावाने प्रकटलेल्या कोड्यात ही युक्ती ज्या प्रकारे पुढे ठेवली गेली, ती मला प्रामाणिक कोड्याचा नमुना वाटते. पहिले चित्र मजकुराच्या प्रोग्रॅममध्ये उघडले की शेवटी टायबेरियस क्लॉडियस सीझर या रोमन सम्राटाचे नाव आणि काही निरर्थक अक्षरे दिसत. सीझरच्या नावाने ओळखली जाणारी सांकेतिक पद्धत म्हणजे प्रत्येक अक्षर ठरावीक घरे सरकवणे, आणि क्लॉडियस हा चौथा सम्राट. चार घरे सरकवली की एक पत्ता मिळे. त्या पत्त्यावर होते एका बदकाचे चित्र, आणि त्यावर इंग्रजीत लिहिलेले की या वाटेला केवळ फसवी आमिषे आहेत, संदेश बाहेर कसा काढायचा हे तुम्हाला ओळखता येत नाही असे दिसते. हिणवणारे वाटणारे हे वाक्यच खूण होती. त्यात गेस आणि आउट हे शब्द होते, आणि चित्रांत मजकूर लपवणाऱ्या एका प्रोग्रॅमचे नाव आउटगेस असे आहे. बदकाच्या चित्रावर तो चालवला की पुढचा संदेश बाहेर येई. इथे तुम्हाला अडवणारी गोष्ट आणि सोडवणारी गोष्ट एकच आहे, हे लक्षात घ्या.

वैताग योग्य होता की अयोग्य, याची कसोटी मी उत्तर कळल्यानंतर लावतो. एका खेळात पूर्ण काळे चित्र होते आणि त्याखाली ओळ होती, चित्र रिकामे आहे. मी चार रात्री त्या चित्राचा उजळपणा कमी-जास्त करत होतो, त्याचे आकडे काढत होतो. चित्र खरोखरच रिकामे होते. चित्राखालच्या काळ्या पानावर काळ्याच अक्षरांत उत्तर लिहिलेले होते आणि माउसने ओढताच ते उजळले. चार रात्री गेल्या तरी मला राग आला नाही, कारण रचणाऱ्याने शब्दशः खरे सांगितले होते आणि ऐकले मी नव्हते. याउलट जिथे उत्तर रचणाऱ्याच्या खासगी आठवणीवर टेकलेले असते, किंवा दहा समर्पक उत्तरे शक्य असताना त्याला सुचलेले एकच चालते, तिथे उत्तर कळल्यावरही कोडे उलगडत नाही. अशा कोड्यावर घालवलेला वेळ परत येत नाही, आणि ते सोडून देण्यात कसलाही पराभव नाही.

कोडे सोडवणारा माणूस रचणाऱ्यावर एक विश्वास ठेवतो: उत्तर आहे, आणि इथल्या खुणांवरून ते मिळते. सुडोकूत हा विश्वास गणिताने मोजता येतो. उत्तर एकमेव असण्यासाठी किमान 17 अंक दिलेले असावेच लागतात, हे गॅरी मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी 2012 साली संगणकाने सर्व शक्यता धुंडाळून दाखवले. विश्वास मोडण्याचे एक जुने उदाहरण सरकत्या 15 फरशांच्या खेळाचे आहे, ज्याचे वेड 1880 साली पसरले होते. 14 आणि 15 यांची अदलाबदल झालेली, बाकी सर्व फरशा जागेवर. ती दुरुस्त करायची. हे अशक्य आहे, आणि कारण सोपे आहे. प्रत्येक सरकवणे म्हणजे मोकळी जागा आणि एक फरशी यांची अदलाबदल. मोकळी जागा फिरून आपल्या कोपऱ्यात यायची असेल तर चाली सम संख्येनेच व्हायला हव्यात, पण केवळ दोन फरशांची अदलाबदल करण्यासाठी विषम संख्या लागते. म्हणून शक्य मांडण्यांपैकी नेमक्या अर्ध्या मांडण्या कधीच सुटत नाहीत. आजही एखाद्या नवख्याने हा खेळ तयार करताना फरशा वाटेल तशा विस्कटल्या, तर निम्म्या वेळा तो खेळाडूला न सुटणारे कोडे देतो, आणि खेळाडू मात्र स्वतःच्या बुद्धीला दोष देत बसतो.

मराठीत अशी कोडी रचू पाहणाऱ्यांपुढे एक वेगळीच अडचण येते, ती जाता जाता सांगतो. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक घर. आपल्याकडे स्त्री हे वाचणाऱ्याच्या दृष्टीने एकच अक्षर आहे, पण संगणक ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशा सहा चिन्हांनी साठवतो. घरे कशाची मोजायची, मात्रा चुकली तर रंग कोणता द्यायचा, अक्षरे सरकवताना जोडाक्षराचे काय करायचे, हे आधी ठरवून खेळाडूला स्पष्ट सांगितले नाही, तर कोडे सुरू होण्यापूर्वीच विश्वास तुटतो.

शेवटचा प्रश्न मदतीचा. उत्तर एकदा कळले की ते न कळलेले करता येत नाही, म्हणून थेट उत्तर वाचणे हा सर्वांत महाग उपाय आहे. 1980 च्या दशकात इन्फोकॉम ही कंपनी केवळ मजकुरातून खेळायच्या आपल्या संगणक-खेळांसाठी अदृश्य शाईत छापलेल्या पुस्तिका विकत असे. प्रत्येक अडचणीखाली सौम्य सूचनेपासून पूर्ण उत्तरापर्यंत अनेक ओळी असत, आणि खास पेनाने हवी तेवढीच ओळ उघड करता येई. नुसते प्रश्न वाचूनही गुपित फुटू नये म्हणून काही खोटे प्रश्नही त्यात मिसळलेले असत. कोणाला मदत करायची असेल तर हाच क्रम पाळावा: आधी तो योग्य जागी पाहत आहे की नाही एवढेच सांगावे, मग त्याने कोणती गोष्ट गृहीत धरली आहे ते विचारावे, आणि बहुतेक वेळा तिसऱ्या ओळीची गरज पडत नाही.

सिकाडाची शेवटची फेरी 2014 साली आली. तिच्यात रूनी या उत्तर युरोपातल्या प्राचीन लिपीतले एक पुस्तक होते आणि त्याची बहुतेक पाने आजही सुटलेली नाहीत. ती रचणारे अज्ञात लोक पुढे येतील आणि उत्तरांवर शिक्कामोर्तब करतील, अशी आशा बाळगण्यास फारसा आधार नाही. तरीही लोक त्या पानांशी झगडत आहेत, कारण ज्या दिवशी एखाद्या किल्लीने त्या खुणांतून सलग वाचता येणारे वाक्य बाहेर पडेल, त्या दिवशी ते बरोबर आहे की नाही हे कोणाला विचारावे लागणार नाही.